शुद्ध केलेली माती

पंचमीच्या सकाळी मंदिरातली जवाऱ्याची खोली उघडली आणि आत काहीच उगवलेलं नव्हतं. बांबूच्या टोपल्या ओळीनं मांडलेल्या, त्यांत काळी ओली माती, आणि मातीत गहू जसा पेरला तसाच पडलेला, फुगून काळा झालेला. घटस्थापनेला जवारे म्हणून पेरलेला गहू पंचमीपर्यंत अंधारात कसा पिवळाधमक उभा राहायला हवा. त्याच्यापुढे हात जोडायला वॉर्डातल्या बायका नटूनथटून बाहेर ओळीत उभ्या होत्या. त्यांना आत न घेताच दार पुन्हा लावून घेतलं गेलं, आणि चहा होईपर्यंत साऱ्या वॉर्डात बातमी फिरली की यंदा माती खराब निघाली.

माती रचनाची होती.

बालाघाटात ज्याच्या अंगणात चार कुंड्या आहेत त्याला रचना गजभिये ठाऊक नाही असं होत नाही. लालबर्ऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, गाव संपता संपता, हिरव्या जाळीखाली तिची नर्सरी आहे. रोपं काय, सगळेच विकतात. रचनाकडे लोक मातीसाठी येत. लामत्याकडच्या जंगलातला कुजलेला पालापाचोळा, चांगलं मुरलेलं शेणखत, नाल्याचा गाळ आणि राइस मिलमधली तुसाची राख, तीसुद्धा ताजी नाही, पावसानं धुऊन निघालेली. हे सगळं ती फावड्यानं कालवायची, झाकून ठेवायची, पुन्हा कालवायची आणि मग चाळायची. मुठीत दाबली तर त्या मातीचा लाडू होई आणि बोट लावलं की तो फुटे. बाजारात हल्ली नारळाच्या भुशाच्या विटा मिळतात, पाण्यात टाकल्या की फुगतात. त्या आणणाऱ्यांचीही झाडं सुकली की ते शेवटी रचनाच्याच दारात येत.

स्वभावानं ती तिखट. कोणी घाई केली तर तोंडावर सांगायची, "माती पिकाले येळ लागते, भाऊ. घाई असंन तं प्लास्टिकचे फुलं घेऊन जा." भाव विचारता विचारता रोपाला पायानं सरकवणाऱ्या एका ठेकेदाराला तिनं गेटाबाहेर काढलं होतं, आणि तो नंतर बायकोला पाठवून माती घेऊन गेला होता.

वडील दुलीचंद रेल्वेत गँगमन होते. त्यांनी हौसेनं लेकीचं लग्न तुमसरला लावून दिलं. तिथं नवऱ्याचा हात चालायचा आणि रचनाची जीभ. एके दिवशी तिनंही हात चालवला आणि दुपारच्या बसनं कटंगीवरून माहेरी परत आली. बापानं एक शब्द विचारला नाही. रिटायर झाल्यावर घेतलेली रस्त्याकडेची पट्टी त्यांनी तिच्या हवाली केली आणि म्हणाले, इथं काय करायचं ते कर. तिनं तेलाच्या जुन्या पिंपांत माती कालवायला घेतली ती तेव्हापासून.

तेव्हाचं तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मुजुमदारांच्या सुनंदाकाकू. काकूंचे यजमान प्रभाकरराव कलेक्टर कचेरीत मोठे बाबू होते, घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरी, कॉलनीत त्यांच्या शब्दाला वजन. नवऱ्याला सोडून आलेल्या पोरीच्या नर्सरीत शहाणीसुरती बाई पाय ठेवायला तयार नव्हती, तेव्हा काकू रिक्षा करून आल्या, मोगरा घेतला, माती घेतली आणि घरोघर सांगत सुटल्या, की माती घ्यावी तर रचनाकडचीच. रचनानं हे कधी विसरायचं ठरवलं असतं तरी तिला जमलं नसतं. तिच्या लेखी काकू म्हणजे सख्ख्या काकूच्या वरताण.

घटाची माती पहिल्यांदा मागितली ती काकूंनीच. नवरात्रात पत्रावळीवर माती पसरून त्यात धान्य पेरायचं, मध्ये घट ठेवायचा. त्या मातीत खडा नको, कीड नको. काकूंच्या घरचं धान्य त्या वर्षी असं तरारून आलं, की मंदिराच्या समितीनंही जवाऱ्यासाठी माती मागितली. रचना देत गेली. त्या मातीचा एक पैसा तिनं कधी घेतला नाही.

तिचा भाऊ विवेक कटंगीला मास्तर आहे. त्याला हे पटत नसे.

"काहून देतेस तू? आपलं काय आहे तिथं?"

"गहू उगवते तिथं," रचना म्हणे. "गव्हाले काही धरम नसते."

"गव्हाले नसन. लोकायले असते. आत येऊ देतेत का तुले?"

"मले जायचंच नाही आत. आपण देव सोडले, विवेक. झाडं नाही सोडले."

आणि ते खरंच होतं. दसऱ्याला दोघं भावंडं दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात. देवीचं तिला सोयरसुतक नव्हतं. पण अंधाऱ्या खोलीत आपल्या मातीतून उठलेला तो पिवळा गहू नवमीला बायका डोक्यावर घेऊन वैनगंगेकडे निघत, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी राहून बघे. बघताना तिची मान ताठ होई. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही तरी चालायचं, माती कोणाची हे तिला माहीत असे.

तर पंचमीला अनुरागचा फोन आला. अनुराग म्हणजे सुनंदाकाकूंचा मुलगा, यंदाच समितीचा सेक्रेटरी झालेला. "रचनाताई, जरा येऊन जा," एवढंच म्हणाला. ती आली, जवाऱ्याच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मोतीलालनं, म्हणजे जवाऱ्याची राखण करणाऱ्या पंड्यानं, दार किलकिलं केलं. आतून असा उग्र झणका आला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. खोली इतके दिवस बंद, आत धूप आणि दिवे. तिला वाटलं, त्याचाच वास असेल.

"देख लो, बाई," मोतीलाल म्हणाला. "एक दाना नहीं उगा. माता नाराज हो गई."

"माती तेच आहे," रचना म्हणाली. "याच ढिगातली चंपाबाई घेऊन गेली. तिच्या घरी जाऊन पाहा."

चंपाबाई मंदिरापासून दोन घरं सोडून राहते, घरीच जवारे बसवते. समितीची माणसं तिच्याकडे आधीच जाऊन आली होती. तिचा गहू टोपलीबाहेर झुकला होता, इतका माजला होता. पण त्याचंही उत्तर मोतीलालकडे तयार होतं.

"उनकी तो भक्ती है."

म्हणजे बघा. उगवलं तर चंपाबाईची भक्ती आणि नाही उगवलं तर रचनाची माती. याच्यावर माणसानं काय बोलावं? रचना बोलली, बरंच बोलली, पण ऐकायचं कोणाला होतं? समितीतले एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडे बघत म्हणाले, की आमच्या वेळी माती पटेलांच्या वावरातून यायची, आणि माती कुठून येते, कोणाच्या हातची येते, हेही बघायला पाहिजे. हे बोलताना त्यांनी रचनाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी एक बाई गुलाबाची कुंडी घेऊन आली, गेटाशी ठेवली आणि न बोलता निघून गेली. कॉलनीतल्या शाळेनं बागेसाठी माती सांगितली होती, तिथून निरोप आला की सध्या राहू द्या. रचनाला नर्सरी बंद पडण्याची भीती वाटली नाही. पोट कसं भरायचं हे तिला तेलाच्या पिंपांपासून माहीत होतं. तिला जाळत होती ती दुसरीच गोष्ट. जन्मभर ज्या मातीत हात घातले त्या मातीला हे लोक नासकी म्हणत होते, आणि म्हणताना त्यांच्या मनात मातीबद्दल काहीच नव्हतं. तिला पाहिजे होतं ते एवढंच, की ज्या अंगणात तिच्या मातीला नाव ठेवलं त्याच अंगणात, सगळ्यांदेखत, कोणीतरी खरं काय ते बोलावं आणि त्या माणसांनी एकदा तरी मान खाली घालावी.

दुपारी सुनंदाकाकू आल्या. उपासाची साबुदाण्याची खिचडी डब्यात घालून, या वयात, उन्हातून. जाळीखालच्या स्टुलावर बसल्या आणि पदरानं वारा घेत म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. मी अनुरागला म्हटलं, रचनाच्या मातीत खोट असायची नाही. आणि आपण ती शुद्ध करूनच घेतली होती."

रचना चाळणी हलवत होती. "शुद्ध?"

"अगं, म्हणजे दरवर्षीचंच. तू मंदिरात मातीच्या बोऱ्या ठेवून गेलीस की मी तुळशीच्या पानानं गोमूत्र शिंपडते. मी स्वतः करते, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. लोक काय, काहीही बोलतात. तुझ्या मातीवर कोणी बोट ठेवू नये म्हणून आपलं."

चाळणी थांबली. "दरवर्षी, काकू?"

"पहिल्या वर्षापासून. घरच्या घटाच्या मातीलासुद्धा." काकूंच्या आवाजात काही लपवाछपवी नव्हती. आपण हिच्यासाठी किती केलं हे हिला आज कळतंय, याचं त्यांना बरंच वाटत असावं.

"आणि यंदा?"

"यंदा अनुराग सेक्रेटरी ना. त्याला सगळं रीतसर लागतं. गोशाळेतून मोठा डबाच घेऊन आला. बोऱ्या अंगणात उलट्या केल्या आणि वरून ओतला सगळा. मी म्हटलं, बरं झालं, एकदाचं नीट होऊन जाऊ दे."

"पाणी घातलं होतं त्याच्यात?"

"शुद्धीला पाणी घालून कसं चालेल?"

रचनाला तो डोळ्यांत गेलेला झणका आठवला. नुसतं गोमूत्र मुळाशी पडलं की झाड जळतं, हे कुंडी ठेवणाऱ्या कोणालाही माहीत असतं. काकूंना तर चांगलंच माहीत होतं. त्या आपल्या मोगऱ्याला बादलीभर पाण्यात वाटीभर कालवून देत आणि मोगरा भरभरून फुले. पण मोगऱ्याला देताना ते खत असतं. रचनाच्या मातीवर ओतताना ते खत नव्हतं, म्हणून त्यात पाणी घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. गहू मेला तो असा.

पण मेलेल्या गव्हाचा राग तिला त्या वेळी आलाच नाही. तिला आधीची सगळी वर्षं आठवत होती. ती बोऱ्या उतरवून स्कूटरला किक मारायची आणि वळणावरून दिसेनाशी झाली की काकू पान घेऊन पुढे यायच्या. इतक्या वर्षांत एकदाही तिच्या कानावर आलं नाही. त्या पिवळ्या गव्हाकडे बघत ती रस्त्याच्या कडेला मान ताठ करून उभी राहायची, तेव्हा मिरवणुकीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि तिला एकटीला माहीत नव्हतं. संताप संताप म्हणतात तो काय असतो, ते तिला तुमसरच्या घरातही इतकं कळलं नव्हतं.

"माझ्याकडचे रोपं नेता," ती हळू म्हणाली, "त्याच्यावरबी शिंपडता का?"

"रोपांचं काय गं," काकू हसल्या, "ती अंगणातच असतात." मग जरा आठवून म्हणाल्या, "तुळशीचं तेवढं केलं होतं."

शिवी देणाऱ्याशी भांडता येतं. उन्हातून खिचडीचा डबा घेऊन आलेल्या माणसाशी काय भांडायचं? रचनानं हात झटकले, पाणी प्यायली आणि विचारलं, "काकू, हे तुम्ही मंदिरात सांगसान का? सगळ्यायसमोर?"

"सांगेन की," काकू म्हणाल्या. "तुझ्या नावाला बट्टा लागलेला मला बघवेल का?"

अष्टमीच्या संध्याकाळी समिती अंगणात बसली. वॉर्डातले बरेच लोक जमले होते. विवेक कटंगीहून आला होता. तो बाहेर गाडीपाशी थांबला. रचना मंडपाच्या खांबाला धरून उभी राहिली.

अनुराग भला माणूस आहे, भांडणतंटा त्याला नको असतो. त्यानं सुरुवातीलाच तोड काढली. "रचनाताई, आम्ही असा विचार केला की बियाणं खराब निघालं असं बोर्डावर लिहायचं. तुमचंही नाव राहतं, समितीचंही."

"बियाणं चांगलं होतं," रचना म्हणाली. "त्या गव्हाले काहून बदनाम करता? काकू, तुम्ही सांगा."

काकू उठल्या. मुलाकडे एकदा पाहिलं आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. तुळशीचं पान, दरवर्षीचे थेंब, यंदाचा डबा, बिनपाण्याचं ओतलेलं गोमूत्र. म्हणाल्या, "रचनाची माती चोख होती. आपण ओतलं त्यानं गहू जळला. तिला बोल लावणं बरं नाही."

रचना एकेका चेहऱ्याकडे बघत होती. भिंतीकडे बघून बोलणारे ते म्हातारे गृहस्थ, मोतीलाल, अनुराग, पुढे बसलेल्या बायका. आता, तिला वाटलं, आता यांना कळेल.

पहिला सुस्कारा मोतीलालनं टाकला. "मतलब माता नाराज नहीं है," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं चार दिवसांचं ओझं उतरलं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. कोणीतरी देवीचा जयजयकार केला. म्हातारे गृहस्थसुद्धा मान डोलवू लागले, की असं होय, प्रमाण चुकलं म्हणायचं.

"चूक माझीच," अनुराग मोठ्या मनानं म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो, ताईंच्या मातीत काही दोष नव्हता. पुढच्या वर्षी आई करते तसं, पानानं दोन थेंब, बस. आणि उद्या नवमीला ताईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. इथंच, मंडपात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रचनाला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. खरं बोललं गेलं होतं, तिच्या मातीचं नाव धुऊन निघालं होतं, आणि त्या अंगणात एकाचीही मान खाली गेली नव्हती. कशाला जाईल? त्यांच्या मते चुकलं होतं ते फक्त माप.

"मले एक सांगा," टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली. "माती घाण होती का?"

"नाही, नाही," चारपाच जण एकदम म्हणाले.

"मंग शुद्ध काहून केली?"

अनुराग ओशाळा होऊन म्हणाला, "ताई, ती एक पद्धत आहे. तुमच्याबद्दल काही नाही त्यात."

"पटेलाच्या वावरातली माती यायची, तवा शिंपडत होते?"

प्रश्न मोतीलालकडे बघून विचारला होता, आणि मोतीलाल साधा माणूस, विचारलं त्याचं उत्तर देणारा. "नहीं बाई," तो म्हणाला. "उसमें क्या जरूरत थी."

तेवढ्यावर मात्र अंगणात चुळबुळ झाली. लाजून नव्हे. चांगलं मिटत आलेलं हिनं कशाला उकरून काढलं, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

"आजपासून माती भेटणार नाही," रचना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "मंदिराले नाही. आणि काकू, तुमच्या घटालेही नाही."

काकूंचे डोळे भरून आले. त्या दोन पावलं पुढे आल्या. "माझ्यावर का गं राग? मी तर तुझ्या बाजूनं बोलले. सगळं खरं सांगितलं."

"हौ, काकू. खरं सांगतलं, म्हणूनच."

ती खांब सोडून बाहेर आली. विवेकनं गाडी सुरू केली. ती मागं बसत होती तेव्हा अंगणातून अनुरागचा आवाज ऐकू आला. मग पुढच्या वर्षी माती कोणाकडून आणायची, एवढंच तो विचारत होता.